काळी एकमध्ये बोलणारी गाडी

आमच्या म्हैसूरच्या कुवेंपुनगरात हल्ली संध्याकाळ झाली की पोरं मोटरसायकली उडवत निघतात. सायलेन्सर मुद्दाम पोकळ करून घेतलेले असतात म्हणे. शेजारीपाजारी कानांवर हात ठेवतात. मी मात्र फाटकाशी उभी राहून नीट ऐकते आणि छातीत असेल नसेल तेवढा दम एकवटून ओरडते, "बेसूर आहे रे, बेसूर!" म्हातारीचं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटतं. सायलेन्सरलाही सूर असतो, तो लावावा लागतो आणि तो लागेपर्यंत भर रस्त्यात उभं राहायची लाज सोडावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मला ते माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. त्यातला लाज सोडण्याचा धडा मला फार उशिरा आला, आणि तोही अर्धाच.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. बाकी म्हैसूर त्यांना 'कोटवाले अप्पा' म्हणायचं. आमचा समाज म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारा, विठ्ठलाला मानणारा. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची मिसळ. राज्यांची नवी मांडणी झाली, म्हैसूर राज्य मोठं झालं, नवे साहेब आले. नव्या साहेबांना नवे कोट लागले, आणि मामंजींचं दुकान जोरात चालू लागलं. माणूस दारातून आत आला की त्याच्या खांद्यांकडे बघून ते माप सांगायचे. टेप नंतर लावायचे, ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. स्वभाव असा की स्वतःबद्दल शंका हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. आमच्या समाजातले सगळे लोक चुकीच्या बाजूला भांग पाडतात, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ते भांग पाडलेल्या माणसालाच सांगत.

या माणसाकडे एक मोटार होती. कुर्गातल्या एका कॉफीच्या मळ्यावरून आलेली, लाकडी आऱ्यांच्या चाकांची, पितळी दिव्यांची. तेव्हाच तिचं वय चाळिशीकडे झुकलेलं. तिचा कापडी टप मामंजींनी स्वतः शिवला होता, आतून अस्तर लावून, कोटासारखा. घरात तिला 'थोरली' म्हणत. सासूबाई जेवायला हाक मारताना म्हणायच्या, "थोरलीचं सगळं करून झालं असेल तर धाकटीच्या हातचं दोन घास खा आता."

मामंजी भजनाला गाणारे. विठ्ठलाच्या देवळातली पेटी काळी एकच्या सुरात चाले, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी धरून सगळे गात. मामंजींना दुकानातून घरी येतानाही गायचं असे, पण गाडीत तंबोरा कोण धरणार? म्हणून त्यांनी गाडीलाच तंबोरा करायचं ठरवलं. तिच्या स्टिअरिंगच्या मधोमध हाताने ओढायच्या दोन दांड्या होत्या. एका दांडीने वेग ठरायचा. ती दांडी एका खुणेवर ठेवली की मागच्या नळीतून जो घुमणारा आवाज निघे, तो बरोबर काळी एकमध्ये निघाला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी नळीची लांबी कमीजास्त करणं, सायलेन्सरच्या पोटात भोकं पाडणं, जाळी भरणं असले उद्योग वर्षानुवर्षं चालले होते. सगळे शिंप्याच्या भाषेत. "बाही आखूड झाली," म्हणजे नळी जास्त कापली गेली. "कंबरेत घट्ट होतोय," म्हणजे धूर अडतोय. "अस्तर बदलायला हवं," म्हणजे आतली जाळी जळाली. नळीवर खुणा करायचे त्या कापडावरच्या खडूने. टोकाला बसवायला त्यांनी सासूबाईंचे पितळी तांबे एकामागून एक बुडातून कापले. आमच्या घरात पाहुण्यांना पाणी स्टीलमधून मिळू लागलं ते काही आम्ही सुधारलो म्हणून नव्हे.

सपाट रस्त्यावर थोरली सूर धरून राही. चढ लागला की घसरायची. म्हणून चामुंडीच्या टेकडीवर मामंजी गाडी कधीच नेत नसत. "देवीला खालूनच नमस्कार," म्हणायचे. "वर जाऊन तिच्या कानाला त्रास कशाला?"

मी दावणगेऱ्याची. वडील आमच्याच समाजातले, पण सुई टाकून खडू धरलेले, शाळामास्तर. मला गाणं शिकवलेलं, शिवाय मी इंटर पास. म्हणजे नाक किती वर असेल ते बघा! म्हैसूरचे पाहुणे मला बघायला येणार म्हणून मी एक भजन घोटून ठेवलं होतं, त्यातल्या दोन ताना खास खिडकीत बसणाऱ्या मुलासाठी. पाहुणे थोरलीतूनच आले. पोहे झाले. आई म्हणाली, "गाते हं आमची मुलगी." तर मामंजी उठले. "गाणं राहू दे. पोरी, जरा बाहेर ये."

सगळी माणसं अंगणात. अर्धी गल्ली कुंपणावर. मामंजींनी हँडल मारून गाडी चालू केली, दांडी खुणेवर ओढली आणि मला म्हणाले, "मागे जाऊन उभी राहा. सांग, कुठल्या सुरात बोलते?"

जरीची साडी, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि मी मोटारीच्या बुडाशी, धुरात. नवरा मुलगा माझ्याकडे न बघता आपल्या बुटांकडे बघतोय, त्याचे कान लाल. मला एवढी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना ते धुराचं वाटलं. मी कसंबसं म्हणाले, "काळी एक. पण किंचित उतरलीय."

मामंजींनी गाडी बंद केली. आईकडे वळून म्हणाले, "पसंत आहे." मुलाला विचारायची पद्धत आहे, हे त्यांच्या बहुतेक लक्षातच आलं नाही.

पुढे मैत्रिणी विचारायच्या, "तुला रूपावर केली की शिक्षणावर?" मी काय सांगणार?

लग्नानंतर ते किंचित उतरलेलं वर चढवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मामंजी गाडीखाली आणि मी गाडीमागे. आमच्या गल्लीत तेव्हा सकाळी सगळी माणसं दारातच असत. समोरच्या पुट्टम्मा रांगोळी घालता घालता विचारायच्या, "एनम्मा, आज सोसेला धुराची अंघोळ?" एनम्मा म्हणजे काय गं बाई, सोसे म्हणजे सून. मी पदर नाकाला लावून खाली बघायची आणि सूर सांगायची. मी एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, तर मामंजी मला आणायला यायचे. शेवटच्या तासाला लांबून घूं... असं ऐकू आलं की चाळीस मुली एकदम वह्या बंद करायच्या. "टीचर, तुमचा तंबोरा आला." मी शाळेच्या मागच्या दाराने निघून लांबचा वळसा घालून गाडी गाठायची, छत्री उघडून, भर उन्हाळ्यात, चेहरा झाकून. अख्ख्या म्हैसुरात तसली गाडी एक आणि तिच्यात बसणारी बाई एक. छत्री कुणासाठी उघडत होते, देवच जाणे. अक्कल इंटरपर्यंतच झालेली.

मग एके दिवशी ते कळलं.

बाजाराच्या चौकात वळताना थोरली फुर्र करून बंद पडली. उतार होता, म्हणून आपसूक घरंगळत राहिली. मामंजी गातच होते. हात स्टिअरिंगवर, डोळे अर्धे मिटलेले, मान डोलतेय. गाडी थांबली तरी गात होते. मागे टांगे, सायकली, घंटा, शिव्या. आणि खाली सूर नव्हता म्हणून त्यांचा आवाज भलतीकडेच चाललेला, काळी एक सोडून पार रानात. ऐकवेना. मी म्हटलं, "मामंजी, गाडी बंद आहे." नाहीच. खांद्याला हात लावला. सासऱ्यांना मी पहिल्यांदाच हात लावला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दांडीकडे, मग खाली उतरून बॉनेटवर तळवा ठेवला. त्या तळव्याने त्यांना सांगितलं.

घरी आलो. गाडी आत घेतल्यावर म्हणाले, "कधीपासून ऐकायला कमी झालंय, ते मलाच नीट ठाऊक नाही. दुकानात चालून जातं गे. गिऱ्हाईक काय बोलणार, ते त्याच्या खांद्यावरून कळतं. पण श्रीपतीला सांगू नकोस." श्रीपती म्हणजे आमचे हे. "त्याला कळलं तर तो गाडी विकेल. आणि बरोबरच करेल तो, हीच तर पंचाईत आहे."

इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मलाच कुठे बघावं कळेना.

उपाय त्यांनीच काढला, अर्थात शिंप्याचा. काज करायचा जाड दोरा. एक टोक त्यांच्या डाव्या मनगटाला, कोटाच्या बाहीत लपवलेलं. दुसरं माझ्या मुठीत. एकदा ओढलं की मागून कुणी हॉर्न देतोय, बाजूला घ्या. लांब ओढलं की थांबा. मी बैलाच्या वेसणीची थट्टा केली, तर म्हणाले, "हस तू. पण ओढताना नेम चुकवू नकोस." आणि खरंच सांगते, आम्ही दोघं त्यात तरबेज झालो. लोकांना वाटायचं, सून किती मर्यादशील, हात कसे मांडीवर घट्ट धरून बसते!

बन्नूरला सासूबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. बन्नूरचा रस्ता मामंजींचा लाडका. दोन्हीकडे ऊस आणि भात, आणि जमीन पोळपाटासारखी सपाट. पुढे मामंजी आणि मी, मागे हे, सासूबाई आणि लाडवांचा डबा. लग्नाचं म्हणून मी कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. बांगड्यांचा मोह! मागून बस आली, हॉर्न वाजवू लागली. मी दोरा एकदा ओढला, मामंजींनी गाडी शिस्तीत डावीकडे घेतली. तेवढ्यात वाऱ्याने पदर उडाला. तो सावरायला मी हात वर केला आणि दोरा बांगड्यांत अडकून ताणला गेला, चांगला लांब.

मामंजी आज्ञाधारक. त्यांनी जागच्या जागी ब्रेक दाबला. बस वाचली, आम्हीही वाचलो, पण थोरलीचं मागचं चाक कडेच्या पाटाच्या पाण्यात उतरलं आणि ती नवऱ्या मुलीसारखी मान वाकडी करून बसली. लाडू सासूबाईंच्या मांडीवर.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला आणि कन्नडमध्ये जे काही सुरू केलं ते इथे लिहिता येत नाही. मामंजी खाली उतरले. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस हातवारे करत गाडीकडे आला, की तो गाडीचं कौतुक करायलाच येतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी हसून हात जोडले. "बन्नी, बन्नी," म्हणजे या, या, म्हणाले, आणि बॉनेट उघडून त्याला समजावू लागले, "नीवे केळी. काळी एक." तुम्हीच ऐका. गाडी तर केव्हाच बंद पडली होती.

बसच्या खिडक्यांतून माणसं हसायला लागली. ड्रायव्हर आधी चक्रावला, मग मागे वळून म्हणाला, "किवुडा!" बहिरा आहे. आणि तोच जरा ओशाळला.

आमचे हे पाटाच्या कडेला उभे होते. त्यांनी मामंजींच्या बाहीतून लोंबणारा दोरा बघितला, दुसरं टोक माझ्या बांगड्यांत बघितलं. हळूच म्हणाले, "अप्पा, तुम्हांला ऐकू येत नाही?"

मामंजी माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय गे हा?"

सगळे बघत होते. अख्खी बस, मागे थांबलेल्या उसाच्या गाडीवरची माणसं, सासूबाई. मी पुटपुटले. त्यांना कळेना. "मोठ्यानं बोल ना." शेवटी मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं, "ते विचारतात, तुम्हांला ऐकू येतं का!" तो माझा आवाज उसातून परत आला. पाहण्याच्या दिवशी धुरात उभी होते, ती लाज माझी होती, नटव्या पोरीची. ही दुसऱ्याची होती, आणि मी तिला हाताला धरून चव्हाट्यावर आणून उभी केली होती.

मामंजींनी मनगट तोंडाशी नेलं, शिंपी तोडतो तसा दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "नाही येत."

मग उसाच्या गाडीवाल्यांनी ढकलून चाक वर काढलं. बन्नूरपर्यंत बसच्या ड्रायव्हरनेच थोरली चालवली. बस क्लीनरने हाकली. लग्नात मामंजी एका कोपऱ्यात बसून होते. कुणाच्या भांगाबद्दल बोलले नाहीत.

आमचे हे वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही, चढवून उपयोग नव्हता. "अप्पांनी आता चालवायची नाही," एवढंच म्हणाले. आणि नुसती उभी ठेवून गंजण्यापेक्षा विकलेली बरी. गोकुलममधले एक गृहस्थ मागे विचारून गेले होते, ते येत्या आठवड्यात बघायला येतील. मामंजी मान हलवून उठले आणि थोरलीवर चादर घालून आले. चादरीच्या कडा चारी बाजूंनी सारख्या आहेत का, ते दोनदा बघितलं.

मला काय झालं कोण जाणे. ताट वाढता वाढता मीच म्हणाले, "मी चालवीन."

हे ठसकले. "तू?"

"मला ऐकू येतं."

"लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न आमच्या घरात आजवर फक्त मीच विचारत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तेव्हा किती किडका वाटला! पण उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "शिकू दे तिला. माझे तांबे गेले ते गेले. आता निदान घरच्या कुणाच्या कामी येऊ देत."

गोकुलमच्या गृहस्थांना नको म्हणून निरोप गेला.

मामंजींनी मला मैदानावर शिकवलं. सासरा शेजारी, सून स्टिअरिंगवर, आणि कडेला ही गर्दी. त्या काळी म्हैसुरात बायका मोटार चालवत, नाही असं नाही. पण त्या बंगल्यांतल्या. शिंप्याच्या घरातली सून नऊवारीचा काष्टा मारून हँडल फिरवतेय, हे बघायला पुट्टम्मा रांगोळीचा डबा हातात घेऊन आल्या होत्या. मी डोक्यावरून पदर इतका पुढे ओढला की समोरचं दिसेना, आणि पहिल्याच दिवशी मैदानातल्या एकुलत्या एका झाडावर गाडी नेली. मामंजींना ऐकू येत नव्हतं, पण गियर खरखरला की ते दात घट्ट मिटायचे. "दातात लागलं," म्हणायचे. "कापड फाडल्यासारखं ओढू नकोस. उसवायचं असतं, अलगद."

परवाना मिळाला. त्यानंतर मामंजी बरीच वर्षं होते. दुकान यांनी मोठं केलं, मी मुलं वाढवली, थोरली सणासुदीला निघत राहिली. प्रत्येक वेळी मी ओशाळलेलीच असायची. ते काही सुटलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजाराचं मला फारसं आठवत नाही, किंवा मी आठवत नाही. डोळ्यांसमोर येतात ते त्याआधीच्या हिवाळ्यातले मामंजी, बन्नूरच्या रस्त्यावरचे.

आम्ही दोघंच होतो. मध्येच त्यांनी थांबवायला सांगितलं. खाली उतरले, वहाणा काढून कडेला नीट ठेवल्या आणि अनवाणी रस्त्यावर उभे राहिले. म्हणाले, "इतकी वर्षं मी आतच बसलो. ती लोकांना कशी लागते, ते कधी कळलंच नाही. तू लांब जा, दांडी खुणेवर ठेव आणि माझ्या अंगावरून ये."

"अंगावरून?"

"शेजारून गे. मूर्ख."

मी लांब जाऊन वळले. येताना बघते तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने म्हैसूरची बस आलेली, आणि मामंजी इतके मधोमध उभे की ती खोळंबलेली. कंडक्टर दारातून लटकून ओरडला, "एनम्मा, मदुवे मेरवणिगेना?" लग्नाची वरात आहे का? खिडक्यांतून हसू. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तरी मी दांडी खुणेवर ठेवली आणि त्यांच्या शेजारून गेले.

त्यांनी बोट वर करून खुणावलं, पुन्हा.

मी पुन्हा गेले. मग आणखी पुन्हा. बसमधली माणसं खाली उतरून कडेला उभी राहिली, कुणीतरी बिडी पेटवली, हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मामंजींचे डोळे मिटलेले, पायाची बोटं डांबरावर पसरलेली, जमिनीतून काही वर ओढून घेत असल्यासारखी. शेवटच्या खेपेला मी अगदी जवळून गेले, तेव्हा दिसलं की त्यांचे ओठ हलतायत. मान डोलतेय. मामंजी गात होते, भर रस्त्यात, खुल्या गळ्याने.

सूर लागला होता की रानात गेला होता, ते त्या बसमधल्या लोकांना ठाऊक असेल. मला गाडीच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही.